टेबलाच्या दोन बाजू : अमेरिकेतल्या गन शोचा बदलता इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर इतिहास शिकवताना वस्तूपासून सुरुवात करत. नाणं असो, जुनं कुलूप असो, आधी ते मुलांच्या हातात द्यायचं आणि मग त्याचा काळ सांगायचा. आज मीही एका वस्तूचं आणि तिच्या बाजाराचं बोलणार आहे. वस्तू बंदूक आहे आणि बाजार अमेरिकेतला आहे. तिथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं राहिलो, तेव्हा हा बाजार जवळून पाहिला. इथे परतल्यावर त्याच्याविषयी दोनच प्रकारचं बोलणं कानावर येतं. एकात तो नुसता वेडाचार असतो, दुसऱ्यात स्वातंत्र्याचा उत्सव. या दोन्हींतून तो बाजार कसा बनला आणि कसा बदलत गेला, हे कळत नाही.

आधी गन शो कसा असतो ते सांगतो. जवळजवळ दर शनिवारी-रविवारी अमेरिकेत कुठे ना कुठे तो भरतो. एखाद्या काउंटीच्या जत्रेचं मैदान, नॅशनल गार्डची इमारत, शहराचं एक्स्पो सेंटर, अशा जागा आयोजक दोन दिवसांसाठी भाड्याने घेतो आणि टेबलं भाड्याने देतो. १९९८ साली एका व्यावसायिक वृत्तपत्रात जाहिरात आलेल्या शोंची संख्या ४,४४२ होती. ओक्लाहोमातल्या टल्सा इथल्या शोमध्ये चार हजारांहून जास्त टेबलं लागतात. लहान गावात पन्नास-साठ टेबलांवरही भागतं.

तिकीट काढून दारात गेलात की पोलीस किंवा आयोजकाचा माणूस विचारतो, "बरोबर काही आणलंय का?" कारण बंदूक घेऊन आत जाणारे बरेच असतात, विकायला किंवा बदलून घ्यायला. तो ती रिकामी आहे याची खात्री करतो, गोळी जिथे बसते तिथून प्लॅस्टिकची पट्टी ओवतो आणि घट्ट आवळतो. मग माणूस आत शिरतो. खांद्याला रायफल, तिच्या नळीत खोचलेली बारीक काठी आणि काठीला किमतीची चिठ्ठी. असा तो टेबलांमधून फिरत राहतो. त्याने टेबल घेतलेलं नसतं, त्याच्याकडे परवाना नसतो, कुठली नोंदवहीही नसते. तरीही फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यानुसार तो ती रायफल आपल्या राज्यातल्या कुणालाही तिथल्या तिथे विकू शकतो. घेणाऱ्याला कायद्याने बंदी आहे हे त्याला ठाऊक नसलं आणि तसं मानायला कारणही नसलं म्हणजे झालं. शेजारच्या टेबलावरच्या परवानाधारक दुकानदाराला मात्र गिऱ्हाइकाकडून फॉर्म ४४७३ भरून घ्यावा लागतो आणि एफबीआयच्या यंत्रणेकडून बॅकग्राउंड चेक, म्हणजे त्याच्या पार्श्वभूमीची तपासणी, करून घ्यावा लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना आणि मग शस्त्र. त्यामुळे एकाच छताखाली, दोन हातांच्या अंतरावर, एकाच वस्तूला दोन वेगळे नियम कसे, हे आपल्याला चटकन उमगत नाही. ते तसे का झाले, हाच आजचा विषय.

सुरुवातीला गन शो म्हणजे संग्राहकांचा मेळावा होता. ओहायोतली शस्त्रसंग्राहकांची संस्था १९३७ ची. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा संस्था राज्याराज्यांत निघाल्या. परत आलेल्या सैनिकांनी सोबत जर्मन ल्यूगर पिस्तुलं, जपानी रायफली आणल्या होत्या. पश्चिमेकडच्या शेतघरांच्या माळ्यावर आजोबांच्या विंचेस्टर पडून होत्या. ही माणसं जमत, टेबलावर आपापल्या वस्तू मांडत, अदलाबदल करत. पैशापेक्षा माहितीला मान होता. ल्यूगरच्या बहुतेक सुट्या भागांवर क्रमांकाचे आकडे कोरलेले असतात. ते सगळे एकमेकांशी जुळले तर ती अस्सल, एकही चुकला तर किंमत निम्मी. विंचेस्टर कंपनीने १९६४ मध्ये आपली बनवण्याची पद्धत बदलून खर्च कमी केला, म्हणून त्याआधीच्या रायफलींना वेगळा भाव. असा बारीक अभ्यास असलेली माणसं टेबलाच्या दोन्ही बाजूंना असत, आणि आज विकणारा उद्या घेणारा असे.

त्या काळात गन शोकडे सरकारचं लक्ष जाण्याचं कारणच नव्हतं. बंदूक घ्यायला कुठे जायचीही गरज नव्हती. ती टपालाने घरी येत असे. मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने मासिकातलं कूपन कापून शिकागोच्या एका दुकानाकडे पाठवलं आणि खोट्या नावावर इटालियन लष्कराची जुनी कारकानो रायफल मागवली. दुर्बीण बसवलेल्या त्या रायफलीची किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. नोव्हेंबरात त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा जीव घेतला. तरीही कायदा व्हायला पाच वर्षं लागली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल अॅक्टवर सही केली.

या कायद्याने टपालाने बंदूक मागवणं बंद झालं. परराज्यातल्या माणसाला विकायची तर व्यवहार परवानाधारकामार्फत हवा, असं ठरलं. लष्करांनी निकालात काढलेल्या परदेशी बंदुकांची आयातही थांबली. मात्र एकाच राज्यातल्या दोन सामान्य माणसांनी समोरासमोर केलेला व्यवहार मोकळा राहिला. आणि परवानाधारकाने परवान्यावर लिहिलेल्या पत्त्यावरच धंदा करायचा, अशी अट आली. म्हणजे गन शोमध्ये दुकानदाराने विक्री करायची नाही, हौशी माणसाने केली तर चालेल. कायदा करणाऱ्यांच्या मनात गन शो नव्हताच. पण टपालाचा रस्ता बंद झाल्यावर समोरासमोरच्या व्यवहाराची सर्वांत सोयीची जागा तीच उरली.

सत्तरच्या दशकात यातून कटकटी सुरू झाल्या. एखादा माणूस वर्षभरात दहा-बारा बंदुका विकत असेल तर तो हौशी की बिनपरवाना धंदेवाला? कायद्यात याचं उत्तर स्पष्ट नव्हतं. बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या फेडरल खात्याचे अधिकारी साध्या कपड्यांत शोमध्ये येत, दोन-तीन खरेद्या करत आणि मग विकणाऱ्यावर खटला भरत. त्यात खरे काळाबाजारवाले सापडले तसे निवृत्त शिक्षक आणि शेतकरीही सापडले. १९८२ मध्ये सिनेटच्या एका उपसमितीने या कारवायांवर कडक टीका केली. दरम्यान १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात नॅशनल रायफल असोसिएशनची सूत्रं नेमबाजी आणि शिकार पाहणाऱ्या जुन्या मंडळींकडून राजकारण पाहणाऱ्यांकडे गेली होती. या दोन गोष्टींची गाठ पडली आणि १९८६ चा बंदूकमालक संरक्षण कायदा आला. १९ मे रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली.

माझ्या मते गन शोच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वळणबिंदू आहे, आणि त्याच्यावर सर्वांत कमी बोललं जातं. त्या कायद्याने दोन कामं केली. पहिलं, परवानाधारक दुकानदाराला आपल्या राज्यातल्या शोमध्ये विक्री करायची मुभा कायम झाली. ती खात्याने दोन वर्षं आधी नियमाने दिली होतीच. दुसरं, 'धंदा' कशाला म्हणायचं याची व्याख्या झाली. उपजीविका आणि नफा हाच मुख्य उद्देश ठेवून सतत खरेदी-विक्री करणारा तो धंदेवाला. अधूनमधून विकणारा किंवा आपला संग्रह मोडणारा तो धंदेवाला नव्हे. जी व्यथा मिटवायला ही व्याख्या आली ती खरी होती. पण कायद्याने रेघ आखली ती माणसाच्या मनातल्या हेतूवर. समोर घडणारा व्यवहार तोच, बंदूक तीच, घेणाऱ्याचा हात तोच. विकणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर नियम बदलायचा. न्यायालयात हेतू सिद्ध करणं किती कठीण असतं हे इथल्या वकील मंडळींना सांगायला नको. पुढच्या चाळीस वर्षांचा सगळा वाद या एका व्याख्येतून निघाला.

दुकानदार आत आले आणि शोचं रूप पालटलं. त्यांच्याबरोबर नवा, खोक्यातला माल आला. संग्राहकाच्या टेबलावर एकेक वस्तू निराळी असते, दुकानदाराकडे एकाच प्रकारची वीस पिस्तुलं ओळीने असतात, पोलादी तारेत ओवून कुलूप लावलेली. आयोजकही बदलले. संस्थेच्या सभासदांनी हौसेने चालवलेल्या मेळ्यांच्या जागी राज्याराज्यांत फिरणाऱ्या कंपन्या आल्या, ज्यांचं उत्पन्न टेबलांच्या भाड्यावर आणि तिकिटांवर होतं. जास्त टेबलं लागावीत म्हणून चाकू, बूट, सुकवलेलं मांस, दागिने, काय वाटेल ते आत आलं.

मग १९९३ चा ब्रेडी कायदा. फेब्रुवारी १९९४ पासून परवानाधारकाकडून हँडगन घेणाऱ्याला पाच दिवस थांबावं लागू लागलं, आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून संगणकावर तत्काळ तपासणी सुरू झाली. त्याच सुमारास परवान्याची फी वर्षाला दहा डॉलरवरून पहिल्या तीन वर्षांना दोनशे डॉलर झाली आणि स्थानिक नियम पाळण्याची अटही घातली गेली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी परवानाधारक विक्रेते अडीच लाखांच्या घरात होते, दशक संपेपर्यंत ते सत्तर हजारांच्या आसपास आले. घरच्या ओसरीवरून धंदा करणारे, नावापुरता परवाना ठेवणारे गळाले, आणि ते चांगलंच झालं. पण गळालेल्यांपैकी काहींचं टेबल शोमध्ये तसंच राहिलं. आता ते 'खाजगी संग्राहक' म्हणून बसू लागले. दुकानदाराला तपासणीचं बंधन आलं तशी शेजारच्या तपासणी न करणाऱ्या टेबलाची किंमत वाढली. काहींनी तर तशा पाट्याच लावल्या : खाजगी विक्री, कागदपत्रं नाहीत.

इथे थोडं थांबून मला त्याच काळातली दुसरी बाजू सांगायची आहे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आणि ती आता जवळजवळ संपली आहे. १९८४ मध्ये जुन्या लष्करी बंदुकांच्या आयातीवरची बंदी सैल झाली होती. सोव्हिएत संघ फुटल्यावर पूर्व युरोपातली कोठारं उघडली. रशियन मोसिन-नागांत रायफली शंभर डॉलरच्या आत मिळत, संरक्षणासाठी लावलेल्या घट्ट ग्रीसमध्ये बुडालेल्या. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा एक वेगळा, स्वस्त परवाना असतो. तो घेतलेली माणसं या मालाच्या अभ्यासात बुडून गेली. स्विस लष्कराच्या के-३१ रायफली त्याच सुमारास आल्या. त्यांच्या लाकडी दस्त्याच्या टोकाला धातूची पट्टी असते. दोन स्क्रू काढून ती सैल केली की आत बऱ्याचदा घडी घातलेला कागद सापडे. ज्या सैनिकाकडे ती रायफल होती त्याचं नाव, त्याची तुकडी, कधी गावाचा पत्ता. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक शस्त्र घरी ठेवतो, म्हणून हा कागद. पेनसिल्व्हेनियातला एखादा गिरणीकामगार त्या पत्त्यावर पत्र टाकी आणि तिकडून म्हाताऱ्या सैनिकाचं उत्तर, सोबत छायाचित्र, येत असे. अशी पत्रं लोक टेबलावर रायफलीशेजारी ठेवत.

एकदा ओहायोत एका वृद्ध संग्राहकाच्या टेबलावर मला ली-एनफिल्ड दिसली. तिच्या पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार वीतभर लांब घट्ट गुंडाळली होती. मी विचारलं, "ही तार कशाला?" तो म्हणाला, "हातबाँब फेकण्यासाठी. धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून. तुमच्याकडचीच आहे." त्याने चाप जिथे असतो तिथला मागचा भाग उजेडात धरला. मुकुट, खाली राजाची अक्षरं, इशापूरच्या कारखान्याचं नाव आणि साल. बंगालमधल्या या कारखान्याने १९६२ च्या चीन युद्धानंतर नव्या काडतुसासाठी घडवलेल्या रायफलीही अमेरिकेतल्या टेबलांवर खूप दिसत. मग त्याने खोक्यातून पॉइंट ३०३ चं एक काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळी पुंगळीच्या बुडावर दोन अक्षरं होती, के आणि एफ. "हे कुठलं गाव?" त्याने विचारलं. खडकी. पुण्यातली, १८६९ पासूनची दारूगोळा फॅक्टरी. पुण्याचा माणूस समोर उभा आहे म्हटल्यावर त्याने खडकीविषयी एवढे प्रश्न विचारले की मला घरी येऊन वाचावं लागलं. विक्री काही झाली नाही. दोन तास गेले. त्या माणसाचं ज्ञान आणि त्याचा जिव्हाळा यांच्याविषयी मला आजही आदर आहे, आणि गन शोविषयी बोलताना त्याला विसरून बोलणं अन्यायाचं होईल.

त्याच हॉलमध्ये, चार ओळी पलीकडे, वेगळं जग होतं. १९९२ मध्ये आयडाहोतल्या रुबी रिजला आणि १९९३ मध्ये टेक्सासातल्या वेकोला फेडरल कारवायांत माणसं मेली, त्यानंतर शोमध्ये सरकारविरोधी पत्रकं आणि पुस्तकं विकणारी टेबलं वाढली. टिमथी मॅकव्हे या टेबलांवर वर्णद्वेषी कादंबरी आणि गाड्यांवर चिकटवायच्या पट्ट्या विकत गावोगाव फिरत होता. १९ एप्रिल १९९५ रोजी त्याने ओक्लाहोमा सिटीतली फेडरल इमारत उडवली. १६८ जण मेले, त्यांत पाळणाघरातली बाळं होती. ते हत्याकांड बंदुकीने झालं नाही, आणि त्याचा दोष शोला येणाऱ्या सगळ्यांवर टाकता येणार नाही. पण आयोजकांनी टेबलाचं भाडं घेताना टेबलावर काय मांडलं आहे याकडे पाहायचं सोडलं होतं, हे खरं. नाझी चिन्हांचा खच मांडलेली टेबलं मी स्वतः पाहिली आहेत. त्यातलं किती संग्रहासाठी आणि किती भक्तीसाठी, हे विचारायची सोय तिथे नव्हती.

२० एप्रिल १९९९. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलच्या दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलं आणि एका शिक्षकाचा जीव घेऊन आत्महत्या केली. त्यांच्याकडे चार बंदुका होत्या. तीन बंदुका काही महिने आधी डेन्व्हरजवळच्या टॅनर गन शोमधून आल्या. मुलं अठराच्या आतली, म्हणून त्यांनी अठरा वर्षांची एक मैत्रीण सोबत नेली. तिला फॉर्म भरायचा नव्हता, म्हणून तिघं परवानाधारकांची टेबलं ओलांडून खाजगी विक्रेत्यांकडे गेली. पैसे मुलांचे, नाव कुणाचंच नाही. आपल्याकडे जमिनीत जसे बेनामी व्यवहार होतात तसा हा बेनामी व्यवहार, फक्त नावालासुद्धा कागद नाही. चौथं पिस्तूल ज्याने त्यांना विकलं, त्यानेही ते त्याच शोमध्ये घेतलं होतं. पुढे त्या मुलीने कोलोरॅडोच्या आमदारांसमोर सांगितलं की तपासणी द्यावी लागली असती तर तिने त्या बंदुका घेतल्या नसत्या. तिच्यावर खटला झाला नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तिने मोडलेलं असं काही नव्हतं.

त्याच वर्षी २० मे रोजी सिनेटमध्ये गन शोच्या सर्व विक्रीला तपासणी लागू करणारी दुरुस्ती आली. मतं पन्नास-पन्नास झाली आणि उपाध्यक्ष अल गोर यांनी निर्णायक मत देऊन ती मंजूर केली. प्रतिनिधिगृहात ती गारद झाली. काँग्रेसला जे जमलं नाही ते कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० च्या नोव्हेंबरात केलं. सुमारे सत्तर टक्के मतांनी त्यांनी आपल्या राज्यातल्या गन शोमध्ये तपासणी सक्तीची केली. त्याच दिवशी ओरेगनच्या मतदारांनीही तोच निर्णय घेतला.

या वादात दोन्ही बाजू आकडे फेकतात. शोच्या बाजूचे सांगतात की २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांचा सरकारी पाहणीत जबाब घेतला, तेव्हा गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी ०.८ टक्के कैद्यांनीच ती गन शोतून घेतल्याचं सांगितलं. ४३ टक्क्यांनी ती काळ्या बाजारातून, रस्त्यावर घेतली होती. दुसरी बाजू २००० सालचा फेडरल खात्याचा अहवाल दाखवते. जुलै १९९६ ते डिसेंबर १९९८ मधल्या दीड हजारांहून जास्त तस्करी-तपासांपैकी १४ टक्क्यांत गन शोचा संबंध होता, पण त्या तपासांतून सुमारे २६,००० बंदुका बाहेर गेल्याचं आढळलं. एकूण बंदुका ८४,००० च्या वर होत्या. मला हे दोन्ही आकडे खरे वाटतात आणि ते एकमेकांना खोडत नाहीत. कैदी हा साखळीतला शेवटचा हात. त्याला रस्त्यावर विकणारा कुठून आणतो हे त्याला माहीत नसतं. शेतकऱ्याचा माल ग्राहकाच्या पिशवीत पडेपर्यंत मध्ये दलाल असतात तसे इथेही असतात, आणि गन शो ही त्या दलालाची खरेदीची एक सोयीची जागा होती. तिथली सर्व खरेदी तशी नव्हती, बहुतांश नव्हतीच. पण ज्याला एका दिवसात कागदाशिवाय दहा पिस्तुलं उचलायची आहेत, त्याला तिच्यासारखी दुसरी जागा तेव्हा नव्हती.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॉ. गॅरन विंटमूट हे आपत्कालीन विभागाचे डॉक्टर. २००५ ते २००८ या काळात ते १९ राज्यांतल्या ७८ शोंमध्ये गर्दीतलेच एक होऊन फिरले आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. कॅलिफोर्नियात १९९१ पासून खाजगी विक्रीसुद्धा परवानाधारकामार्फतच करावी लागते. तिथल्या शोंची तुलना त्यांनी ॲरिझोना, नेवाडा, टेक्सास, फ्लोरिडा यांच्याशी केली. कॅलिफोर्नियात बेनामी खरेदी आणि बिनकागदी विक्री क्वचित दिसली, इतरत्र ती उघड चालली होती. शो मात्र कॅलिफोर्नियातही भरतच होते. ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते.

२००४ च्या सप्टेंबरात लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची दहा वर्षांची बंदी संपली. त्यानंतर शोच्या टेबलांवर एआर-१५ ही त्याच धाटणीची रायफल आणि तिचे सुटे भाग यांनी जागा व्यापली. आणि भीतीची खरेदी सुरू झाली. २००८ मध्ये ओबामा निवडून आले तेव्हा, डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली त्यानंतर, लोक दारं उघडण्याआधी रांगा लावून उभे राहिले. मुलं मेली म्हणून नव्हे, आता कायदा येईल म्हणून. तो कायदा आला नाही; एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ मतं मिळूनही तो पडला, कारण ६० लागत होती. रांगेतल्या माणसांना मी निष्ठुर म्हणणार नाही. पण बाजाराने त्यांच्या भीतीवर भाव वाढवले हे मी पाहिलं. काडतुसांचं खोकं सकाळी एका किमतीला आणि दुपारी दुसऱ्या किमतीला होतं. त्या गर्दीत जुने संग्राहक मागे सरकले. ओहायोच्या त्या जुन्या संस्थेसारख्यांचे मेळे सभासदांपुरते राहिले आणि जुनं ज्ञान तिथे टिकलं. मोकळ्या शोमध्ये तरुण विक्रेत्याला ल्यूगरचे आकडे कुठे असतात ते माहीत नसतं. स्वस्त लष्करी मालही आटला. शंभर डॉलरची मोसिन आता अनेकपट महाग आहे.

यादरम्यान खाजगी विक्रीचा मोठा भाग हॉलमधून उठून मोबाइलवर गेला होता. ईबेने १९९९ मध्येच बंदुका काढून टाकल्या, पण २००७ मध्ये आर्म्सलिस्ट हे संकेतस्थळ सुरू झालं, जिथे विकणारा जाहिरात देतो आणि घेणारा त्याला पार्किंगमध्ये भेटतो. फेसबुकने जानेवारी २०१६ मध्ये खाजगी विक्री बंद केली, तोपर्यंत तिथे असंख्य गट चालू होते. हॉलमध्ये निदान दारात पोलीस असतो, शेजारच्या टेबलावरचा माणूस पाहत असतो. पार्किंगमध्ये कुणी नसतं. म्हणून 'गन शोची पळवाट' हे वर्तमानपत्री शीर्षक आता अपुरं पडतं. पळवाट हॉलमध्ये नव्हती, ती १९८६ च्या व्याख्येत होती, आणि ती व्याख्या विक्रेत्याबरोबर कुठेही जाते.

गेल्या पाच-सात वर्षांत दोन दिशांनी बदल झाले. कॅलिफोर्नियाने आधी डेल मारच्या जत्रेच्या मैदानावर आणि मग राज्याच्या मालकीच्या सगळ्याच जागांवर बंदूक विक्रीला मनाई केली. २०२४ च्या जूनमध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती उचलून धरली. मला हा मार्ग पटत नाही. ज्या राज्यात प्रत्येक विक्री आधीच तपासणीतून जाते, तिथे हॉल बंद करून सुरक्षितता वाढते असं मला दिसत नाही. हौशी माणसांना मात्र आपल्याला हाकलून लावलं असं वाटतं, आणि तसं वाटलेला माणूस पुढच्या कुठल्याही चांगल्या कायद्याला साथ देत नाही.

दुसरी दिशा व्याख्येची. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासातल्या उवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, आणि जूनमध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी झालेल्या कायद्याने 'उपजीविका आणि नफा' हे शब्द काढून 'मुख्यतः नफा मिळवणे' एवढं ठेवलं. २०२४ मध्ये खात्याने त्यावर सविस्तर नियम केला, ज्यात विक्रीची जागा हॉल असो की मोबाइल, फरक राहिला नाही. टेक्सासातल्या न्यायालयाने तो काही राज्यांपुरता रोखला आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने त्याचा फेरविचार हाती घेतला. म्हणजे रेघ थोडी सरकली, पण ती अजूनही माणसाच्या हेतूवरच आहे.

माझं म्हणणं असं की तपासणी विकणाऱ्याच्या दर्जाला बांधायचीच नाही, ती बंदुकीबरोबर जायला हवी. हात बदलला की तपासणी, विकणारा दुकानदार असो वा संग्राहक. जवळच्या नात्यातली देवघेव आणि वारसा यांना सूट असावी. संग्राहकांची भीती अशी की यातून सरकारी नोंदवही तयार होईल आणि उद्या कुणी दाराशी येईल. ही भीती मी हलकी मानत नाही. पण १९८६ च्याच कायद्याने फेडरल नोंदवहीला बंदी घातली आहे आणि ती बंदी तशीच ठेवता येते. दुसरी तक्रार त्रासाची. कोलोरॅडोत २००० नंतर काय झालं ते पाहावं. आयोजकाने तपासणी करू शकणारा परवानाधारक शोमध्ये हजर ठेवायचा. खाजगी विक्रेता गिऱ्हाइकाला घेऊन त्याच्या टेबलाशी जातो, फॉर्म भरला जातो, बहुतेक वेळा काही मिनिटांत होकार येतो, थोडी फी पडते. ज्या टॅनर शोमधून कोलंबाइनच्या बंदुका गेल्या होत्या, तोसुद्धा या नियमाखाली पुढे अनेक वर्षं भरत राहिला. २०१३ मध्ये कोलोरॅडोने हाच नियम हॉलबाहेरच्या खाजगी विक्रीलाही लावला. आज सुमारे वीस राज्यांत या ना त्या स्वरूपात तो आहे, आणि त्या राज्यांतल्या हॉलमध्ये ल्यूगरचे आकडे जुळवणारी माणसं अजून बसलेली असतात.